साठ सेंटीमीटरच्या रीफ टँकमध्ये कोणते मासे आणि कोणते इनव्हर्टिब्रेट (पाठीचा कणा नसलेले प्राणी) टाकायचे

प्रश्न थोडक्यात असा की रीफ टँक, म्हणजे कोरल आणि समुद्री माशांचा खाऱ्या पाण्याचा टँक, ६० बाय ३६ बाय ३६ सेंटीमीटरचा आहे, म्हणजे काचेच्या मापाने साधारण ७५ लिटर, रॉक आणि वाळू आत गेलीये, सायकल (अमोनिया पचवणारे जिवाणू तयार होण्याचा टप्पा) पूर्ण झालीये, अमोनिया-नायट्राइट दोन्ही शून्य दाखवतायत आणि यादी तयार आहे: दोन क्लाउनफिश, एक ब्लू टँग, एक मँडरिन, पाच क्रोमिस, एक ॲनिमोनी (फुलासारखा दिसणारा, चटका देणारा प्राणी), एक निळा स्टारफिश, दोन क्लीनर श्रिंप आणि वीस हर्मिट क्रॅब. यातलं काय चालेल, आणि कुठल्या क्रमाने टाकायचं?

यादीचा निकाल आधीच सांगून टाकतो. क्लाउनफिश राहतील, क्लीनर श्रिंप राहतील, ॲनिमोनीबद्दल वर्षभराने बोलू, बाकी सगळं काढा. वाईट वाटेल, पण का ते कळलं की पुढची यादी तुमची तुम्हालाच करता येईल.

लहान टँकमध्ये लोक पहिल्यांदा लिटर मोजतात, इतक्या लिटरला इतके सेंटीमीटर मासा वगैरे. गोड्या पाण्यातला तो हिशोब इथे आणू नका. रॉक आणि वाळू वजा केली की तुमच्याकडे खरं पाणी ६० लिटरच्या आसपासच उरतं, पण खरी अडचण पाण्याची नाही, जागेची आहे. रीफवरचा जवळपास प्रत्येक मासा एक जागा धरून राहतो. त्याला रात्री शिरायला एक भोक लागतं, दिवसा फिरायला स्वतःचा पट्टा लागतो आणि दिवसभरात खायला काहीतरी लागतं. तर प्रत्येक प्राण्यासाठी तीनच प्रश्न विचारा: झोपणार कुठे, फिरणार कुठल्या थरात आणि खाणार काय? एकाच भोकावर किंवा एकाच पट्ट्यावर दोघांनी दावा सांगितला की भांडण होणारच, आणि ६० सेंटीमीटरमध्ये हरलेल्या माशाला पळायला जागाच नसते, तो कोपऱ्यात हीटरच्या मागे उभा राहतो, खाणं सोडतो आणि दोन आठवड्यांत आजारी पडतो.

आता ब्लू टँग घ्या. दुकानात तो पाच सेंटीमीटरचा दिसतो पण वाढून ३० सेंटीमीटरच्या घरात जातो आणि दिवसभर सलग पोहणारा मासा आहे. "लहान आहे तोवर ठेवू" हे लोक फार म्हणतात, पण लहान असतानाही त्याला लांबी लागतेच, ती मिळाली नाही की तो सतत ताणात राहतो, आणि टँग जातीला व्हाइट स्पॉट (अंगावर पांढरे दाणे आणणारा परजीवी रोग) किती पटकन धरतो हे हॉबीतल्या कुणालाही विचारा. दोन मीटरच्या टँकचा मासा आहे तो, आपला नाही.

मँडरिन दिसायला इतका सुंदर की मन मोडवत नाही, पण तो दिवसभर रॉकवरून एकेक कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव) वेचून खातो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच काम. तुमच्या टँकमधले कोपेपॉड तो काही आठवड्यांत संपवेल आणि मग हळूहळू उपाशी मरेल. हे मरण दिसत नाही म्हणून जास्त वाईट, कारण मासा रोज रॉकवर टोचा मारताना दिसतो, आपल्याला वाटतं खातोय. वरून बघा, डोक्यामागे पाठ खपाटीला गेलेली आणि बाजूने पोट आत ओढलेलं दिसलं तर तो उपाशी आहे. फ्रोझन किंवा पेलेट खाणारे टँकमध्ये पैदास केलेले मँडरिन मिळतात, तरीसुद्धा तीन महिन्यांच्या नव्या टँकमध्ये मी टाकणार नाही.

क्रोमिस थव्याने छान दिसतात ते समुद्रात. लहान टँकमध्ये त्यांच्यात उतरंड लागते, वरचा खालच्याला मारतो, मग त्याच्या वरच्याची पाळी, असं करत पाचाचे शेवटी एक किंवा दोन राहतात. डॅमसेल जातीचं तर विचारूच नका, स्वस्त आणि काटक म्हणून पहिला मासा म्हणून गळ्यात मारतात आणि मग तो अख्खा टँक स्वतःचा समजतो, पुढच्या प्रत्येक माशाला हाणतो, आणि त्याला पकडायचं म्हणजे सगळे रॉक बाहेर काढावे लागतात.

निळा स्टारफिश म्हणजे लिंकिया. तो रॉकवरचा सूक्ष्म थर चरत जगतो आणि नव्या लहान टँकमध्ये तो थर पुरेसा तयारच झालेला नसतो. काही महिने तो फिरताना दिसेल, मग एक हात गळायला लागेल. वाळू चाळणारा स्टारफिश पण तसाच, वाळूतलं जिवंत सगळं खाऊन टाकतो आणि मग उपाशी राहतो. फ्लेम स्कॅलप, रंगीत न्यूडिब्रँक, सी ॲपल हे सगळे त्याच रांगेतले, दुकानात दिसले तरी हात लावू नका. सी ॲपलचा तर वेगळा धोका आहे, तो मेला किंवा पंपात अडकला तर त्याचं विष टँकमधल्या माशांना मारू शकतं.

आता काय टाकायचं ते. क्लाउनफिशमध्ये ऑसेलारिस घ्या, आणि पैदास केलेलाच घ्या. पैदास केलेले मासे पेलेट खायला शिकलेले असतात, टँकला सरावलेले असतात आणि समुद्रातून पकडलेल्या क्लाउनबरोबर ब्रुक्लिनेला नावाचा परजीवी येण्याची शक्यता खूप असते, जो दोन-तीन दिवसांत मासा संपवतो. क्लाउन सगळे जन्माला नर म्हणून येतात, जोडीतला मोठा आणि दादा असतो तो मादी होतो आणि हा बदल परत फिरत नाही. म्हणून दोन मोठे क्लाउन कधी घेऊ नका, दोन्ही माद्या निघाल्या तर एक मरेपर्यंत भांडतील. एक थोडा मोठा आणि एक लहान घ्या किंवा दोन्ही लहान पिल्लं घ्या, त्यांचं त्यांच्यात ठरतं. लहानगा मोठ्यासमोर आडवा होऊन थरथरतो ते दिसलं तर घाबरू नका, ती शरणागती आहे, तसं झालं की जोडी जमली. गडद लाल ‘मरून’ जातीचा क्लाउन आणि टोमॅटो क्लाउन या टँकला नकोत, फार आक्रमक होतात. आणि क्लाउन नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो हे लक्षात ठेवून घ्या.

आता माझ्या मते लहान टँकसाठी याहून सुंदर काही नाही ती गोष्ट, वॉचमन गोबी आणि पिस्टल श्रिंपची जोडी. मोठ्या टँकमध्ये ही जोडी कुठेतरी मागे हरवून जाते, लहान टँकमध्ये ती तुमच्या डोळ्यासमोर असते. श्रिंपला जवळपास दिसतच नाही, तो बीळ खणतो, गोबीला नीट दिसतं पण तो खणत नाही. श्रिंप बिळाबाहेर येतो तेव्हा त्याची एक मिशी कायम गोबीच्या अंगाला टेकलेली असते. तुम्ही काचेजवळ हात नेलात की गोबी शेपूट बारीकशी फडफडवतो, श्रिंप तिथल्या तिथे मागे सरतो, अजून जवळ गेलात की गोबी डोकं खाली घालून बिळात घुसतो आणि दोघं गायब. मिनिटाभराने आधी गोबीचं डोकं बाहेर येतं, मग त्याच्या बाजूने श्रिंप वाळूचा ढीग ढकलत येतो आणि काम परत सुरू. हे बघत तासभर सहज जातो.

त्यासाठी तयारी आधी करावी लागते. पिवळा वॉचमन गोबी घ्या आणि त्याच्याबरोबर टायगर पिस्टल किंवा रँडल पिस्टल. वाळू चार-पाच सेंटीमीटर तरी हवी, नुसती बारीक वाळू चालत नाही, बिळाचं छत टिकायला थोडे बारीक कोरलचे तुकडे मिसळलेले हवेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रॉक वाळूवर ठेवलेला नको, खालच्या काचेवर टेकलेला हवा, कारण हा श्रिंप रॉकखालीच खणतो आणि वाळूवर उभा केलेला रॉक एक दिवस कोसळतो, काच फुटायची भीती. तुमचे रॉक वाळूवर असतील तर मासे यायच्या आधी आत्ताच उचलून नीट बसवा. दोघं वेगवेगळे आले तर श्रिंपला आधी नळीतून रॉकच्या बुडाशी सोडा, नंतर गोबीला त्याच्याच जवळ. कधी दुसऱ्या दिवशी जोडी जमते, कधी काही आठवडे लागतात, शोधाशोध करत रॉक हलवू नका. टँकमधून काच तडकल्यासारखा टक्क आवाज येईल, तो श्रिंपच्या चिमट्याचा, काच तपासत बसू नका. खाणं वरून टाकलं तर क्लाउन सगळं पळवतात, म्हणून लांब पिपेटने मायसिस (खाण्यासाठीच्या बारीक कोळंब्या) बिळाच्या तोंडाशी सोडायचे. वाळूवर ठेवलेले कोरलचे तुकडे मात्र हा श्रिंप उचलून नेतो किंवा गाडून टाकतो, ते रॉकवरच चिकटवा.

म्हणजे वरचा थर क्लाउनचा, तळ गोबीचा, मधे रॉकवर एक मासा अजून बसतो. एकच. इथे तीन पर्याय सांगतो. टेलस्पॉट ब्लेनी लहान, भोकातून डोकं काढून दोन्ही डोळे वेगवेगळे फिरवत बघत बसणारा, काचेवरचं पातळ शेवाळ खातो आणि काचेवर ओठांचे बारीक ठसे दिसतात त्यावरून तो खातोय हे कळतं. शेवाळ कमी असेल तर त्याला स्पिरुलिना असलेलं खाणं द्यावंच लागतं. फायरफिश अतिशय शांत, पाण्याच्या मधल्या थरात एका जागी तरंगत राहतो, पण दचकला की उडी मारतो आणि टँकबाहेर पडतो, तसा वॉचमन गोबी पण उडी मारतोच, तेव्हा वर बारीक जाळीचं झाकण लावल्याशिवाय यातला एकही मासा आणू नका. हीटरची वायर जाते तेवढी फट सुद्धा बंद करा.

तिसरा रॉयल ग्रामा. पुढे जांभळा मागे पिवळा, रॉकच्या छताला उलटा पोहणारा, काटक मासा. हा घेताना नीट बघा कारण रॉयल डॉटीबॅक नावाचा मासा अगदी ह्याच रंगात येतो, किंमत कमी असते आणि तो लहान टँकमध्ये गुंड आहे, श्रिंपना पण त्रास देतो. फरक असा की डॉटीबॅकमध्ये जांभळा रंग एका रेषेत संपतो आणि तिथून पिवळा सुरू होतो, ग्रामामध्ये मधल्या भागात दोन्ही रंग ठिपक्याठिपक्यांनी एकमेकांत मिसळलेले असतात, शिवाय डोळ्यातून जाणारी तिरकी रेघ आणि पाठीवरच्या परावर पुढच्या बाजूला काळा ठिपका असतो. सिक्सलाइन रास पण याच आकाराचा म्हणून सुचवतात, तो पहिले काही महिने शांत राहतो आणि मग नव्या माशांना जगू देत नाही, मी टाळतो.

चार मासे झाले, बस. पाचवा नको.

इनव्हर्टिब्रेटमध्ये लोकांची गडबड होते ती क्लीनअप क्रू (शेवाळ आणि उरलेलं खाणं साफ करणारे प्राणी) एकदम पाकिटाने विकत घेण्यात. इतक्या लिटरला इतके स्नेल, इतके हर्मिट, असं कुणीतरी ठरवून दिलेलं असतं आणि नव्या टँकमध्ये शेवाळच नसतं, मग निम्मे उपाशी मरतात आणि पाणी बिघडतं. आधी शेवाळ दिसू द्या, मग तोंडं आणा. सुरुवातीला वाळूवर जो तपकिरी थर येतो तो डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा, तो बहुतेक वेळा आपोआप जातो, त्याच्यासाठी धावाधाव करू नका. काचेवर हिरवं यायला लागलं की तीन-चार ट्रोकस स्नेल आणि थोडे सेरिथ स्नेल पुरेत. ट्रोकसच का, तर तो उलटा पडला तर स्वतः सरळ होतो, ॲस्ट्रिआ स्नेलला ते जमत नाही आणि वाळूवर पालथा पडून मरतो. टर्बो स्नेल शेवाळ जोरात खातात पण लहान टँकमध्ये कोरलचे तुकडे पाडत फिरतात. मार्गारिटा नावाने येतात ते थंड पाण्याचे स्नेल, २५-२६ डिग्रीला टिकत नाहीत. नासारियस दोन-तीन ठेवा, ते शेवाळ खात नाहीत, वाळूत गाडून असतात आणि खाण्याचा वास आला की सोंड वर काढून निघतात, पडलेलं खाणं साफ करतात.

हर्मिट क्रॅब वीस तर नाहीच, मी एकही घालणार नाही. शंख बदलायचा म्हणून ते जिवंत स्नेलना मारतात, रिकामे शंख ठेवले तरी मारतात, कारण त्यांना नेमका तोच आवडलेला असतो. अगदीच हवे असतील तर दोन लहान, निळ्या पायांचे, आणि वेगवेगळ्या मापाचे रिकामे शंख भरपूर. एमरल्ड क्रॅब बबल अल्गी (बुडबुड्यांसारखं शेवाळ) झाली तरच.

क्लीनर श्रिंप एक किंवा दोन छान. तो काही आठवड्यांनी कात टाकतो, सकाळी तळाला पारदर्शक, मिश्यांसकट अख्खा श्रिंप मेल्यासारखा पडलेला दिसतो, ती नुसती कात असते, खरा श्रिंप रॉकमागे लपलेला असतो कारण नवं कवच कडक होईपर्यंत तो मऊ असतो. रॉक हलवून शोधू नका, आणि त्यासाठी आयोडीन टाकायचीही गरज नाही. पेपरमिंट श्रिंप एप्टेशिया (टँकभर पसरणारा छोटा, नकोसा ॲनिमोनी) खातो म्हणून उपयोगाचा, पण कॅमल श्रिंप त्याच नावाने खपवतात आणि तो झोअँथिड (कोरलसारखे छोटे, रंगीत प्राणी) आणि मऊ कोरल खातो. कॅमलचे डोळे मोठे, पाठीला कुबड आणि अंगावर लाल पट्ट्यांबरोबर ठळक पांढऱ्या रेघा-ठिपके, पेपरमिंट पारदर्शक अंगाचा आणि बारीक लाल रेघांचा. बॉक्सर नावाचा लाल-पांढरा पट्ट्यांचा श्रिंप क्लीनरबरोबर ठेवू नका, मारतो.

ॲनिमोनीचं सांगायचं राहिलं. पैदास केलेल्या क्लाउनला ॲनिमोनी लागतच नाही, तो पंपाशी, कोपऱ्यात, एखाद्या हॅमर कोरलमध्ये घर करतो. बबल टिप सगळ्यात सोपा म्हणतात तो सुद्धा ३० सेंटीमीटर पसरतो, जागा आवडली नाही तर चालत सुटतो, वाटेतल्या कोरलना चटके देतो आणि पंपात ओढला गेला तर रात्रीत सगळं पाणी खराब. तुमच्या आकारात ॲनिमोनी किंवा कोरल, दोनपैकी एक ठरवा, आणि ॲनिमोनी ठरला तर टँक वर्षभर स्थिर चालल्यावर, पंपाला स्पंजचं कव्हर लावून. कोरलच करायचे असतील तर मश्रूम, झोअँथिड, कँडी केन, डंकन इथून सुरुवात करा. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा लावाच, त्यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं, आणि झोअँथिड असलेला रॉक कधीही उकळू नका, घासून वाफ किंवा शिंतोडे उडवू नका, त्यातून लोक दवाखान्यात गेलेले आहेत. ग्रीन स्टार पॉलिप आणि झीनिया मुख्य रॉकवर चिकटवू नका, वेगळ्या दगडावर ठेवा, नाहीतर सगळीकडे तेच दिसेल.

घेताना मासा तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. खाल्लं नाही तर घेऊ नका, कितीही आवडला तरी. श्वास बघा, कल्ले धापा टाकल्यासारखे हलत असतील तर नको, अंगावर मीठ शिंपडल्यासारखे दाणे किंवा मखमलीसारखी धूळ दिसली तर त्या टँकमधला दुसरा मासा सुद्धा नको, कारण पाणी एकच. घरी आणल्यावर चार आठवडे वेगळ्या साध्या टँकमध्ये ठेवा, स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसीचे तुकडे, झालं. औषध द्यायचं तर तिथेच. कॉपर (तांब्याचं औषध) मुख्य टँकमध्ये कधीच नाही, त्याने श्रिंप, स्नेल, कोरल मरतात आणि रॉक ते शोषून ठेवतो. एकदा का व्हाइट स्पॉट मुख्य टँकमध्ये शिरला तर सगळे मासे बाहेर काढून तो टँक माशांविना ठेवावा लागतो, हॉबीत त्यासाठी ७६ दिवसांचा आकडा धरतात, तेव्हा चार आठवडे काहीच नाहीत.

श्रिंप आणि स्नेल तासभर तरी ड्रिपने, म्हणजे टँकचं पाणी थेंबथेंब सोडत, सरावून घ्या, त्यांना क्षाराचा फरक अजिबात सोसत नाही. लांबून पिशवीत आलेल्या माशाचं उलटं आहे. पिशवीत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असतो म्हणून अमोनिया कमी विषारी रूपात असतो, पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो, म्हणून त्याला तासभर ड्रिपवर ठेवायचं नाही, वेगळ्या टँकची खारटपणाची पातळी आधी पिशवीइतकी करून ठेवायची, तापमान जुळलं की लगेच सोडायचं.

पाण्याचं थोडक्यात: क्षार १.०२५ (विशिष्ट घनता), तापमान २५-२६, अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण) ८-९ डीकेएच, आणि नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणू नका, नायट्रेट ५ पीपीएमच्या आसपास आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएममध्ये ठेवा, दोन्ही शून्य झाले की डायनोफ्लॅजेलेट (चिकट तपकिरी थर करणारे सूक्ष्मजीव) येतात आणि ते घालवणं फार जिकिरीचं. लहान टँकमध्ये पाणी उडालं की क्षार लगेच चढतो, पाणी उडतं, मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती साध्या आरओडीआय (क्षार काढून शुद्ध केलेल्या) पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही, आणि शक्य असेल तर ऑटो टॉपऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) लावाच. लाइटच्या आधी तो घ्या असं म्हणेन.

क्रम असा ठेवा. हिरवं दिसलं की स्नेल. महिनाभराने क्षार स्थिर आहे असं दिसलं की क्लीनर श्रिंप. मग पिस्टल आणि गोबी, ते लाजाळू म्हणून माशांमध्ये पहिले, त्यांना रिकाम्या टँकमध्ये बीळ करू द्या. दोन-तीन आठवड्यांनी ब्लेनी किंवा फायरफिश. क्लाउन सगळ्यात शेवटी, कारण आधी आले तर नव्या प्रत्येकाला हुसकतील. ग्रामा ठरला असेल तर तो आणि क्लाउन एकाच दिवशी सोडा. त्यानंतर दीड-दोन महिने काहीही नवीन नाही, दिवसातून दोनदा थोडं थोडं खाणं, आठवड्याला दहा टक्के पाणी बदल आणि नायट्रेट मोजून लिहून ठेवा. आकडा सलग वर जात नसेल तर मश्रूमचा पहिला तुकडा आणायला हरकत नाही.